दिली की विकली?

“तुमच्याकडे कानडी येणारं कुणी आहे का हो?”

गेल्या हिवाळ्यात आठ दिवस बडोद्याला आत्याकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आत्या उठते न उठते तोच खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई वर आल्या आणि त्यांनी दारातूनच हा प्रश्न टाकला. आत्याचं घर दांडिया बाजारात. तिथं मराठी माणूस शोधावा लागत नाही. गायकवाडांच्या राज्यापासून वाड्यावाड्यांतून मराठी बोललं जातं, सुरसागरच्या काठाने फिरायला निघालं तर चार ओळखीची मराठी माणसं भेटतातच. पण कानडी? आत्याने सरळ माझ्याकडे बोट केलं.

“ही बघा. हिची आई गोकाकची. बेळगावात वाढलेली पोर, हिला दोन्ही येतात.”

पंचावन्न वर्षांची पोर हसत उठली. पण वकीलबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मग स्वेटर घाला आणि चला माझ्याबरोबर. पोलीस ठाण्यात एक मुलगी बसली आहे. दोन दिवस झाले, ती काय म्हणते ते कुणालाच कळत नाही.”

मंडळी, तुमच्या-माझ्या घरात दोन भाषा सहज नांदतात. आईला ‘अव्वा’ म्हणायचं आणि बाबांना ‘बाबा’. भाकरीबरोबर ‘पुंडी पल्ल्या’ मागायचा आणि आमटी मराठीत वाढून घ्यायची. या दोन भाषांचं मोल काय ते आपल्याला कधी जाणवत नाही. मला ते त्या रात्री जाणवलं, म्हणून आजचा हा लेख.

त्या मुलीचं नाव मी सांगणार नाही, गावही नाही. ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी बदलूनच लिहिते आहे. वय असेल एकोणीस-वीस. स्टेशनच्या फलाटावर ती दोन रात्री बसून होती. गाडी आली की उठायची, डब्यावरची अक्षरं बघायची आणि परत बसायची. रेल्वेच्या महिला पोलिसाच्या हे लक्षात आलं. तिने आधी दटावलं, मग चहा दिला, मग १८१ ला फोन लावला. गुजरातेत ‘अभयम्’ नावाची ही महिला हेल्पलाइन २०१५ पासून राज्यभर चालते. गाडीतून एक समुपदेशक आणि एक महिला पोलीस येतात. त्या आल्या. त्यांनी गुजरातीत विचारलं, हिंदीत विचारलं. मुलगी नुसतीच मान हलवायची. दोनच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची, ते कुणाला उमगेनात.

मी तिच्यासमोर बसले आणि आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, “ऊटा माडिदिएन, यव्वा?” जेवलीस का गं बाळ?

तिने माझा हात धरला तो सुटेना. “मनीगि होगबेकु,” ती म्हणाली. घरी जायचंय. दोन दिवस ती हेच दोन शब्द म्हणत होती.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. या मुलीबद्दल पोलिसांकडे एक कागद आधीच आलेला होता. जिल्ह्याच्या एका तालुक्यातून अर्ज होता, की नवी सून मंगळसूत्र आणि चांदीचे पैंजण घेऊन पळाली. असे अर्ज तिकडे नवे नाहीत, खोट्या नवरीच्या टोळ्याही असतात. लग्न लावायचं, आठ दिवसांनी दागिने घेऊन पसार व्हायचं. म्हणजे इकडच्या दप्तरात ही मुलगी चोर. आणि तिकडे, आपल्या कर्नाटकात? तिकडे तिच्या नावाने काहीच नव्हतं. हरवल्याची नोंदसुद्धा नाही. कशी असेल? घरच्यांच्या लेखी ती हरवलेलीच नव्हती. मुलगी सासरी आहे!

पोलिसांनी सीमेपलीकडून येणाऱ्या बायकांचा व्यापार कसा रोखावा यावर पुष्कळ बोललं जातं. कुंपण, गस्त, छापे, नाकाबंदी. पण इथं कुंपण ओलांडायला लागलंच नाही. हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे, वसई, सुरत, बडोदे. बंगळूरहून जोधपूर-अजमेरकडे जाणाऱ्या गाड्या याच वाटेने जातात. खिडकीशी बसलं की तीन राज्यं ओलांडून होतात, एकदाही उतरावं लागत नाही. मुलगी नवी साडी नेसलेली, हातात चुडा, शेजारी नवरा आणि सोबतीला एक बाई. कुठला तिकीट तपासनीस हटकणार? आपणच समोरच्या बाकावर असतो तर डबा उघडून त्यांना चपाती दिली असती.

मुलीने सांगितलं ते थोडक्यात असं. शेजारच्या गावची एक बाई स्थळ घेऊन आली. मुलगा शेतकरी, घरी म्हशी, पाण्याची सोय. हुंडा नको, लग्नाचा खर्चही त्यांचाच. देवळात चार माणसांत माळा घातल्या. गाडीत बसल्यावर कळलं, की नवऱ्याचं वय चाळिशीच्या पुढचं आहे. घरी पोचल्यावर आणखी पुष्कळ कळलं. फोन काढून घेतला. दाराला बाहेरून कडी. दिवसभर गोठा आणि शेत. बाकीचं मी इथं लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. शेजारणी वाईट नव्हत्या, पण बोलणार कशा? तिची त्यांना कळत नव्हती, त्यांची हिला.

पीएसआय बाई शांतपणे लिहून घेत होत्या. मध्येच थांबून त्यांनी मला हिंदीत सांगितलं, “बेन, तिला विचारा, विकलं का?”

मी विचारलं, “निन्न मारिदरेन?”

ती दचकली, जवळजवळ रागावलीच. “इल्लरी! कोट्टार.”

मी भाषांतर करून टाकलं, “नाही म्हणते. लग्न करून दिली म्हणते.” पीएसआय बाईंनी मान हलवली, पेन कागदावर टेकलं. आणि माझ्या पोटात काहीतरी ढवळलं. कानडीत मुलगी ‘देतात’, मराठीतही ‘देतात’. “धाकटीला कुठं दिली?” असंच आपण विचारतो. हा शब्द इतका ओळखीचा, की मी तो न बघताच पुढे सरकवला होता. मी पुन्हा विचारलं, “ह्यांग कोट्टार?” कशी दिली?

ती खाली बघत म्हणाली, “रोक्का तगोंड कोट्टार.”

पैसे घेऊन दिली. बापाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, ते फिटलं. मध्यस्थ बाईने आपला वाटा वेगळा घेतला. हे सारं तिच्यासमोर अंगणात मोजलं गेलं होतं. तिला ते लपवायचं नव्हतं. पण ‘विकली’ म्हणायचं म्हणजे बापाला विकणारा म्हणायचं, ते तिच्या तोंडून निघेना.

मी घाईने म्हटलं, “बाई, माझं मघाशी चुकलं. लिहा, हिला विकली.” त्यावर पीएसआय बाईंनी पेन खाली ठेवलं. “नाही बेन. तुम्ही तेही म्हणू नका. ती काय म्हणाली तेवढंच सांगा. उद्या कोर्टात तिला विचारतील, ‘तू विकली म्हणालीस का?’ आणि ती नाही म्हणेल. मग सगळा कागद पडला.” आणि त्यांनी लिहिलं, पैसे घेऊन दिली. तिचे कानडी शब्दही मला देवनागरीत कागदावर उतरवायला लावले.

दोन्ही चुका माझ्याच होत्या. आधी मी शब्द मऊ केला, मग कडक केला. त्या बाईंनी ज्या धीराने तो जबाब सरळ करून घेतला, ते पोलिसांचं काम छाप्यापेक्षा कमी नाही. छाप्याचा फोटो येतो, याचा येत नाही.

आता थोडं कायद्याचं. वकीलबाईंनी परत येताना रिक्षात मला समजावलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचं कलम ३७० बदललं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १४३ झालं आहे. फसवून, धाक दाखवून, पळवून किंवा ताब्यात असलेल्या माणसाला पैसे देऊन, शोषणासाठी कुणाला नेलं, ठेवलं, हाती सोपवलं, की तो मानवी व्यापार. शिक्षा सात ते दहा वर्षं सक्तमजुरी. मुलगी अठराच्या आतली असेल तर किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत. आणि महत्त्वाचं म्हणजे, ‘ती तर राजीखुशीने आली’ हा बचाव चालत नाही. पीडितेची संमती गैरलागू, असं कायदा स्पष्ट म्हणतो.

पण एक खाच आहे. शोषण म्हणजे काय, याची जी यादी कायद्यात आहे, तिच्यात लैंगिक शोषण आहे, गुलामगिरी आहे, अवयव काढणं आहे. ‘विकत घेतलेलं लग्न’ असा शब्द नाही. त्यामुळे गळ्यात मंगळसूत्र दिसलं की पुष्कळ ठिकाणी ‘घरगुती भांडण’ म्हणून कागद बाजूला पडतो. लग्नाआड व्यवहार होता आणि लग्नानंतर गुलामी होती, हे तपास करणाऱ्यानेच उघडं करायचं असतं. ते उघडं होतं फक्त त्या मुलीच्या जबाबातून. आणि जबाब कुठल्या भाषेत? तिच्या.

आपल्या भागाला हे नवीन आहे असं मात्र म्हणू नका. धारवाड, गदग, हावेरीकडे ‘गुज्जर की शादी’ हा शब्द घरोघर ठाऊक होता, वर्तमानपत्रांतून आलेला आहे. गुजरात, राजस्थानकडचे नवरे, गरीब घरच्या मुली, मध्ये एजंट बाई. पुष्कळदा ही बाई म्हणजे आधी अशीच दिलेली एखादी मुलगी. त्याही आधीची वाट सौंदत्तीच्या डोंगरावरून गेलेली आहे. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या पोरी सांगली-मिरजेपासून मुंबईपर्यंत कुठं पोचल्या, ते आपल्या आज्यांना माहीत होतं आणि त्या बोलत नव्हत्या. कर्नाटकाने देवदासी समर्पणाविरुद्ध १९८२ मध्ये कायदा केला, महाराष्ट्राने नवा कायदा २००५ मध्ये. तेव्हाही शब्द होता ‘देवाला दिली’. शब्द तोच बघा.

देशाच्या सीमेवरही याहून वेगळं घडत नाही. बांगलादेशाशी आपली सीमा चार हजार किलोमीटरहून लांब. २०२१ च्या मे महिन्यात बंगळूरमध्ये एका बांगलादेशी तरुणीचा अमानुष छळ झाल्याची चित्रफीत फिरली. कामाच्या आमिषाने तिला इकडे आणलं होतं. चित्रफीत आधी आसाम आणि बांगलादेशात पोचली, ढाक्याच्या पोलिसांनी चेहरे ओळखले, बंगळूर पोलिसांनी काही दिवसांत आरोपी पकडले, पीडित मुलगी केरळात सापडली. तिच्या साक्षीवर खटला उभा राहिला आणि वर्षाच्या आत, मे २०२२ मध्ये, सात जणांना जन्मठेप झाली. परदेशी मुलीचा खटला इतक्या लवकर कसा निकालात निघाला? दोन देशांचे पोलीस एकमेकांशी बोलले म्हणून, आणि साक्ष होईपर्यंत ती मुलगी हाताशी राहिली म्हणून. एरवी काय होतं? सुटका झालेली मुलगी परत पाठवली जाते, साक्षीला कुणी उरत नाही आणि दलाल सुटतात.

मुंबईत १९९६ च्या फेब्रुवारीत मोठे छापे पडले होते, ते काहींना आठवत असतील. कामाठीपुऱ्यातून शेकडो मुली बाहेर काढल्या, त्यांत नेपाळच्या पुष्कळ. बाहेर काढल्या खऱ्या, पण पुढे ठेवायच्या कुठे आणि परत न्यायच्या कशा, यात महिनोन् महिने गेले. तेव्हापासून एवढं उमगलं, की सुटका हे पहिलं पाऊल, शेवटचं नव्हे. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत मानवी तस्करीविरोधी पथकं निघाली. रेल्वे सुरक्षा दलाने २०२२ मध्ये गाड्यांतून होणारी ही वाहतूक रोखण्यासाठी ‘ऑपरेशन आहट’ सुरू केलं. गुन्हा कुठल्याही ठाण्याच्या हद्दीतला असो, ‘झिरो एफआयआर’ लिहून घेणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. आमच्या मुलीचा गुन्हा असाच नोंदवला गेला आणि कर्नाटकात वर्ग झाला. तिच्यावरचा चोरीचा अर्ज आणि तिचा जबाब एकाच फायलीत लागले. मंगळसूत्र तिच्या गळ्यातच होतं हो, ते घेऊन ती दुसरीकडे कुठं जाणार होती?

हे ऐकून माझ्या एका भाचीने लगेच म्हटलं, “गुजरातेत मुलीच नाहीत ना, म्हणून विकत आणतात.” खरं आहे. २००१ च्या जनगणनेत गुजरातेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८८३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९०. त्या वेळी पाळण्यातल्या पोरांची लग्नाची वयं आता झाली आहेत. पण मी तिला दुसरा आकडा दाखवला. त्याच २००१ मध्ये आपल्या सांगलीत हजारामागे ८५१ आणि कोल्हापुरात ८३९. म्हणजे आपण गुजरातच्याही खाली! आपल्याकडेही आता पस्तिशी ओलांडलेल्या मुलांसाठी “तिकडं कर्नाटकात बघा की एखादी गरिबाघरची” असं म्हणतात. एजंट सगळं जमवून देतो, खर्च अमुक-अमुक. आपण अक्षता टाकून येतो आणि म्हणतो, चला, संसार लागला. त्या सुनेला मराठी येतं का, तिच्या माहेरचा फोन तिच्याकडे आहे का, हे कोण विचारतं? दोन्ही भाषा येणाऱ्या घरांनी तरी विचारायला नको का?

बडोद्यात मला हे अधिकच टोचलं. आत्या सयाजीरावांच्या गोष्टी अभिमानाने सांगते. १९०४ साली बालविवाह रोखणारा कायदा, १९०६ साली राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण, मुलींनासुद्धा. चिमणाबाई महाराणी १९२७ साली पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. त्या शहराच्या फलाटावर शंभर वर्षांनी एक मुलगी बसते आणि तिला डब्यावरची पाटी वाचता येत नाही. चौथीत तिची शाळा सुटली होती.

पुढे काय झालं ते सांगते. तिला काही दिवस महिलांच्या आश्रयगृहात ठेवलं. ती सज्ञान, तेव्हा कुठे जायचं ते तिनेच ठरवायचं. सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध डांबून ठेवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही २०२० मध्ये अशाच तीन मुलींच्या प्रकरणात बजावलं आहे. ‘मनीगि होगबेकु’ म्हणणाऱ्या मुलीला पीएसआय बाईंनी माझ्या तोंडून विचारलं, “घर म्हणजे कुणाचं घर?” हा प्रश्न मला सुचला नसता. मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “चिगव्वन मनी.” मावशीचं घर. बापाचं नाही. दोन महिला पोलीस तिला घेऊन त्याच गाडीने उलट्या वाटेने आल्या, मावशीच्या गावच्या ठाण्यात नोंद करून तिच्या हवाली केलं.

मागच्या महिन्यात मावशीच्या फोनवरून तिचा आवाज ऐकला. शिवण शिकते आहे. तारीख लागली की साक्ष द्यायला जाईन म्हणते. पण ती स्थळ आणणारी बाई जामिनावर सुटून शेजारच्या बाजारात फिरते, समोर आली की हिचे पाय लटपटतात. बाप एकदा येऊन गेला. उंबऱ्यापाशी बसला, पाणी प्यायला, निघून गेला. “नीन एन अंदी?” मी विचारलं. तू काय म्हणालीस? “एनू अनलिल्ल.” काहीच नाही.

वाचकहो, शेवटी चार कामाच्या गोष्टी. घाईचं, बिनहुंड्याचं, परराज्यातलं स्थळ आलं, तर मुलाचं गाव कुणीतरी डोळ्यांनी बघून या आणि लग्नाची नोंदणी आपल्या गावी करून घ्या. मुलीच्या हातात तिचा स्वतःचा फोन आणि दोन नंबर पाठ असू द्या. ११२ पोलिसांचा, १८१ महिलांचा. अठराच्या आतली असेल तर १०९८, गाडीत काही खटकलं तर १३९. बाईला सरकारी वकिली मदत मोफत मिळते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. सासरी गेलेल्या मुलीचा महिनाभर आवाज आला नाही, तर ‘सुखात असेल’ म्हणून बसू नका. ठाण्यात जाऊन नोंद करा. कागद असला तरच दुसऱ्या टोकाचा पोलीस त्याला जोडून घेऊ शकतो.

आणि पाचवी गोष्ट आपल्यासारख्या घरांसाठी. जिथं राहता तिथल्या पोलीस ठाण्यात, महिला केंद्रात आपलं नाव आणि नंबर देऊन ठेवा. ‘कानडी आणि मराठी येतं, रात्री-अपरात्री बोलवा’, असं सांगा. पुणे, सुरत, बडोदे, मुंबई, तुमच्यापैकी कुणाचा ना कुणाचा मुलगा, भाचा, सून तिथं आहेच. मी परत आल्यावर आमच्या नात्यातल्या सात जणांना फोन केले. चौघांनी नावं दिली. एकाने विचारलं, “कशाला त्या भानगडीत?”

त्याला मी काय सांगितलं ते जाऊ द्या. आत्याने मात्र खालच्या वकीलबाईंकडे स्वतःचा नंबर दिला आहे आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी मला फोन करून विचारते, “अगं, ‘जेवलीस का’ला कानडीत काय म्हणतात ते पुन्हा एकदा सांग बघू. लिहून घेते.”